तळ्याकडचं टोक

मासे मेले सोमवारी, आणि तळेवाला आमच्या दारात आला मंगळवारी सकाळी. सोबत त्याची बायको आणि दोघांनी दोन बाजूंनी धरलेली एक पाटी. आम्हाला वाटलं, आता शिव्या देईल, अंगावर धावून येईल. त्याने तसलं काही केलं नाही. पाटी उंबऱ्यासमोर पालथी केली आणि नवराबायको बाजूला उभी राहिली. पन्नासेक मासे असतील, पोटं फुगलेली, डोळे पांढरे. शेजारचं कुत्रं आलं, हुंगलं आणि मागे फिरलं.

"ही एक पाटी झाली," तळेवाला म्हणाला. "बाकीचे तिथंच तरंगतायत. या बघायला."

दादा दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन तो बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला. माझा भाऊ विमान उडवणारा माणूस. त्याला कुणापुढे हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला नको होतं असं मला अजून वाटतं.

आमचं घर विमानावर चालतं. विमान म्हणजे माणसं नेणारं नव्हे. बसायला एकच खुर्ची, तिच्यापुढे औषधाची टाकी, पंखांखाली फवाऱ्याच्या तोट्या. पिकावर अळी पडली की कंपनीचं हे विमान दादा उडवतो. खाली वहिनी औषध कालवते आणि मी पंप लावून नळीने टाकी भरतो. दिवसभर नळ्या ओढतो म्हणून मला सगळे नळ्याच म्हणतात. खरं नाव कुणी विचारलं तर माझं मलाच क्षणभर थांबावं लागतं.

या विमानात डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो खेचला की टाकीखालचं दार उघडतं, सगळं औषध एका दमात खाली पडतं आणि विमान हलकं होऊन वर उठतं. उठताना काही बिनसलं तर जीव वाचवायची ती एकच सोय. त्याला आम्ही 'सोडणं' म्हणतो. सोमवारी इंजिन उठता उठता खोकलं, दादाने सोडलं आणि तो वाचला. पण विमान उठवायची आमची जी मातीची पट्टी, तिच्या एका टोकाला शेड आहे आणि दुसऱ्या टोकाला तळं. सगळं गेलं तळ्यात.

त्या मंगळवारी आम्ही तिघं दुपारपर्यंत मेलेले मासे काढत होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळीने ओढायचे, पाटीत भरायचे, खड्ड्यात टाकायचे. भरपाईचं कंपनीने बघितलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण वर्षभर हाताने खाऊ घालून वाढवलेला जीव असा पाटीने मोजायचा, हे करताना तळेवाल्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्याची बायको आमच्या शेजारीच काम करत होती. उन्हं चढली तेव्हा तिने वहिनीला विचारलं, "पाणी देऊ का प्यायला?" बस, तेवढंच बोलली.

घरी आल्यावर वहिनी मोरीत बसून हात घासत राहिली. साबण संपला तरी घासत होती.

"पुन्हा असं करू नका," ती दादाला म्हणाली.

"मी काय मुद्दाम केलं?"

"मला कळतं हो. पण ती बाई मला शिव्या देती तर परवडलं असतं. तिनं पाणी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोर परत असं उभं राहायची ताकद नाही माझ्यात."

दादा टॉवेल घेऊन दारात उभा होता. तो तसा शब्द देणारा माणूस नव्हे. संध्याकाळी लवकर या म्हटलं तरी 'बघू' म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "नाही सोडणार तळ्यात. शब्द देतो." दुसऱ्या दिवशी मला घेऊन तळ्यावर गेला आणि तळेवाल्यालाही तेच सांगितलं. तळेवाला बांधावर बसून जाळं सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बरं."

गावाचं काय सांगावं! कुणी पडायची वाट बघत बसलेली माणसं. दुकानात गेलं की दुकानदार विचारायचा, "काय नळ्या, आज कशावर फवारणी? कोंबड्यांवर?" न्हावी म्हणायचा, तुमच्या दादाला पायलट म्हणावं की कोळी. दादा ऐकून घ्यायचा. पूर्वी तो असल्यांना दोन शब्दांत गप्प करायचा. आता मान खाली घालून निघून यायचा, आणि मग लोकांना आणखी चेव यायचा.

तळेवाल्याने तळं उपसलं, गाळ काढला, चुना मारला, उन्हात तडकू दिलं. महिन्याभराने पाणी घेतलं आणि त्यात बोटुकली सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पोरं माशांची. रोज सकाळी तो बांधावर बसून त्यांना कोंडा टाकायचा, आणि आमचं विमान त्या बाजूने उठलं की उभा राहायचा. नुसता उभा राहायचा.

मग अळीची दुसरी फेरी आली, आणि पहिलीपेक्षा वाईट आली. मक्याच्या पोंग्यात बोट घातलं तर भुसा आणि अळ्याच हाताला लागायच्या. चार गावांची माणसं शेडसमोर रांग लावून बसलेली. माझं आधी, माझं आधी. फवारणीला वेळ मिळतो तो उजाडल्यापासून आठ-साडेआठपर्यंत. एकदा वारा सुटला की औषध पिकावर पडायचं सोडून दुसरीकडेच जातं. म्हणून आम्ही अंधार सरता सरता शेडवर असायचो. वहिनी तोंडाला फडकं बांधून पिंपात औषध ढवळायची. तिच्या हातमोज्यांना बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या होत्या. नवे मागितले होते, कंपनी पाठवतो म्हणाली होती. तिच्या बोटांची सालं निघत होती. भाकरी थापताना ती मध्येच हात झटकायची, पण विचारलं तर म्हणायची, "काही नाही, चटका बसला."

दादा उतरायचा तेव्हा इंजिन बंदही करत नसे. मी पळत जाऊन नळी लावायचो, टाकी भरायची, अंगठा वर, की गेला. एका सकाळी अकरा-अकरा खेपा. शेवटची खेप संपली की तो शिडीला धरून जरा वेळ उभा राहायचा आणि आम्ही बघत नाही असं दाखवायचो.

पट्टीच्या मध्यावर चुना लावलेला एक दगड आहे. दगड येईपर्यंत विमानाची शेपटी उचलली नाही तर सोडायचं, हा नियम दादाने स्वतः केलेला. दोन वर्षांपूर्वी तो दगड त्याने आणि मी मिळून रोवला होता.

त्या सकाळी वारा तळ्याकडून होता. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उठवायचं, म्हणजे तळ्याच्याच दिशेने जायचं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. दादा टाचेने जमीन दाबत सगळी पट्टी चालून आला.

"डावीकडं मऊ आहे," तो म्हणाला. "उजवीकडून काढतो."

"टाकी थोडी कमी भरते," वहिनी म्हणाली.

"कमी भरली की खेपा वाढतात. तेवढ्यात वारा सुटेल."

ज्याचं शेत होतं तो मक्यावाला तिथेच उभा होता. तो मध्येच म्हणाला, "वहिनी, अळी काय तुमच्यासाठी थांबणार आहे का? सगळं रान खाऊन बसेल."

दादा चढून बसला. मी नळी लावली. वहिनी पंपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पंप जरा आधीच बंद केला. चार बादल्या तरी कमी गेलं असेल. तेवढंच तिच्या हातात होतं, ते तिने केलं. दादाला कळलं नाही, किंवा कळूनही तो बोलला नाही.

पहिल्या दोन खेपा नीट गेल्या. तिसऱ्या खेपेला तो पट्टीच्या उजव्या अंगाने निघाला. वेग धरू लागला तोच बाजूने वाऱ्याचा एक झोत आला आणि विमान डावीकडे सरकलं. डावं चाक मऊ जागेत गेलं. चिखल उडालेला मला दिसला. नाक डावीकडे वळलं. दादाने उजवा पाय दाबला असणार, कारण विमान सरळ होण्याऐवजी एकदम उजवीकडे फिरलं, मग परत डावीकडे. चुन्याचा दगड मागे गेला. शेपटी जमिनीवरच होती.

"सोडा!" वहिनी ओरडली. "अहो, सोडा!"

मीही ओरडलो. त्या इंजिनापुढे आमचा आवाज म्हणजे काय! शेजारी उभ्या मक्यावाल्यालाही तो नीट ऐकू आला नसेल. तरी आम्ही ओरडत पळत होतो. पळून काय करणार होतो, कोण जाणे. विमान पट्टी सोडून कडेच्या उंचवट्यावर आपटलं आणि त्या धक्क्यानेच हवेत गेलं. उठलं नाही, फेकलं गेलं. अंगात वेग नव्हता आणि पोटात टाकी भरलेली. त्या क्षणी दांडा खेचला असता तर चेंडूसारखं वर गेलं असतं. मला हे माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, दादाला तर सगळ्यात जास्त माहीत होतं.

बांधावर तळेवाला कोंड्याची पाटी टाकून उभा होता. त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले होते आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "सोड! अरे सोड! सोड माझ्या तळ्यात!" त्याचा आवाज आम्हाला वाऱ्यावर नीट ऐकू आला, कारण वारा आमच्याकडे येत होता. दादाला काचेच्या आत काय ऐकू येणार?

डावा पंख खाली गेला, बांधाला लागला, आणि विमान उलटं होऊन तळ्यात पडलं.

पाणी पांढरं झालं, दुधासारखं. टाकी फुटली होती. आम्ही पोचलो तोवर तळेवाला पाण्यात शिरून विमानापर्यंत गेला होता. दादा उलटा लटकत होता, पट्ट्यांत अडकलेला, आणि पाणी त्याच्या भुवयांपर्यंत चढलेलं. तळेवाल्याने दोन्ही तळहातांनी त्याचं डोकं वर उचलून धरलं होतं. औषधाने त्याचे स्वतःचे डोळे मिटले होते, तरी त्याने हात सोडले नाहीत. बांधावर पडलेला तळेवाल्याचा कोयता मी उचलला होता, तो वहिनीने माझ्या हातातून ओढून घेतला आणि पट्टे कापले. तो खाली आला तो सगळा आमच्या अंगावर. आम्ही त्याला काखेत धरून, पायांना धरून, जमेल तसं ओढत बांधावर आणलं.

नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर कसं काढलं तुम्ही यांना?"

मी सांगितलं, काखेत धरून.

"फळीवर नाही घेतलं?"

फळी कुठून आणणार होतो आम्ही? डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. पाठीचा मणका पडताना मोडला की आम्ही ओढताना, हे मला कुणीच सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला आजही होत नाही.

तपासाला दोन माणसं आली. फीत धरून त्यांनी पट्टी मोजली, चिखलातल्या चाकोऱ्यांचे फोटो काढले. विमान बाहेर ओढल्यावर त्यातला एक आत वाकून बघत म्हणाला, "दांडा जागच्या जागी आहे. खेचलाच नाही. का बरं?" वहिनी आणि मी शेजारी उभे होतो. दोघांनाही उत्तर माहीत होतं, आणि दोघंही तळ्याकडे बघत राहिलो. तळ्यात बोटुकली उताणी तरंगत होती. सगळं पाणी बारीक चांदीने भरलेलं. त्या माणसाने वहीत लिहिलं, 'कारण अज्ञात'.

पाचव्या दिवशी दादा नीट बोलू लागला. पंख बांधाला लागला तिथपर्यंतच त्याला आठवत होतं, विमान तळ्यात पडल्याचं नाही. त्याच दिवशी तळेवाला भेटायला आला. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, डोळे अजून लाल. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. 

दादाच बोलला. "तू हात वर करून उभा होतास. दिसलास मला."

तळेवाल्याने मान हलवली.

"नको नको म्हणत होतास. माझा हात दांड्यावर होता रे. खेचणारच होतो. तेवढ्यात तू दिसलास. म्हटलं, नाही, याला शब्द दिलाय. तळं ओलांडलं की सोडू." तो थांबला, ओठ ओले केले. "मासे?"

तळेवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्याने वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"आहेत," तळेवाला म्हणाला.

"सगळे?"

"सगळे. बोटुकली आहेत ती, कुठं जातायत."

दादाचा चेहरा उजळला. महिन्या-दीड महिन्यात असा चेहरा मी पाहिला नव्हता. तो वहिनीला म्हणाला, "बघ गं. पाळला की नाही शब्द?"

वहिनी चादरीची घडी घालत होती. "पाळलात," ती म्हणाली.

मी तळेवाल्याला बाहेरपर्यंत सोडायला गेलो. पायरीवर तो मटकन खाली बसला, एवढा दांडगा माणूस. म्हणाला, "मी सोड म्हणत होतो, नळ्या."

"ऐकलं आम्ही."

"देवाशपथ सोड म्हणत होतो. मासे काय, परत सोडता येतात." पट्ट्या बांधलेले हात त्याने मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "सोड म्हणायचं असेल तर हात कसे करायचे असतात रे? कसे करायला हवे होते मी?"

इतकी वर्षं विमानाखाली काढली. भरून झालं याची खूण आहे, थांबची खूण आहे. सोडची खूण आम्ही कधी केलीच नव्हती.

त्यानंतर दादाला तोच एक विषय. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, नर्सला सांगितलं, झाडायला येणाऱ्या बाईला सांगितलं. गावची माणसं भेटायला आली. त्यात तो दुकानदारही होता आणि न्हावीही होता. त्यांना दोनदा सांगितलं. ती माणसं मान डोलवायची, डोळे पुसायची. गावात तळं पांढरं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, पण एकजणही बोलला नाही. एरवी यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि यावेळी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट गिळली. मी त्यांच्यावर रागवावं की त्यांचे पाय धरावेत, मला ठरवता येईना. दादाच्या कमरेखाली टाचणी टोचली तरी त्याला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, आता असंच. ते त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. निदान फुकट तर गेले नाहीत पाय." वहिनी उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने चेहरा धुऊन परत आली.

अळी काही थांबली नव्हती. कंपनीने दुसरं विमान पाठवलं आणि सोबत बदली पायलट. चाळिशीचा, हसतमुख, गळ्यात काळा चष्मा अडकवलेला. काम सुरू करण्याआधी दादाला भेटायला म्हणून दवाखान्यात आला. बरं वाटलं मला. दादाने त्याला बसवून घेतलं, पट्टीचं सगळं समजावलं. मऊ जागा कुठली, तारा कुठे, वारा कधी फिरतो. मग म्हणाला, "आणि त्या टोकाला तळं आहे."

"ऐकलंय," बदली पायलट म्हणाला.

"तिथं सोडायचं नाही. काही झालं तरी. गरिबाचं पोट आहे त्यावर. मी इथं पडलोय, पण एक थेंब जाऊ दिला नाही. काय गं?"

वहिनी सफरचंद चिरत होती. सुरी थांबली.

"मानलं तुम्हाला," बदली पायलट म्हणाला. उठून त्याने दादाचा हात दोन्ही हातांत घेतला. "माझ्याकडूनही नाही जाणार. शब्द देतो."

तो दाराबाहेर पडला. वहिनीने सुरी ताटलीत ठेवली आणि त्याच्यामागे निघाली. मला तिची चाल बरी वाटली नाही, म्हणून मीही गेलो. व्हरांड्यात बाकांवर माणसं बसली होती, औषधाच्या खिडकीपाशी रांग होती.

"थांबा," वहिनी म्हणाली.

तो वळला. "काय वहिनी?"

"सोडायचा दांडा कुठं असतो?"

त्याला वाटलं, ही अशीच विचारते आहे. "डावीकडं. का हो?"

"हात न्या तिथं."

"इथं?"

"इथंच. न्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी वहिनीकडे बघितलं. त्याने हसत हसत डावा हात उचलला, कमरेच्या जरा वर, हवेत.

"खेचा."

त्याने खेचल्यासारखं केलं.

"एवढ्या वेळात पाण्यात गेलात तुम्ही," वहिनी म्हणाली. "पुन्हा."

"वहिनी, लोक बघतायत."

"बघू देत. तळं समोर आहे. बांधावर माणूस उभा आहे, त्यानं हात वर केलेत. खेचा."

त्याने खेचलं. बाकावरची माणसं बोलायची थांबली होती.

"मासे आहेत तळ्यात. हाताएवढे झालेत. त्याची बायको शेजारी उभी आहे, पोरं उभी आहेत, मी उभी आहे. सगळे नको नको म्हणतोय आम्ही. खेचा!"

या वेळी त्याने इतक्या जोरात हात मागे घेतला की कोपर भिंतीवर आपटलं. तो आता हसत नव्हता. "वहिनी," तो हळू म्हणाला, "कळलं मला."

आतून दादाने हाक मारली. "अगं, गेला का तो? त्याला तळ्याचं अजून एक सांगायचं राहिलं."

वहिनीने बदली पायलटच्या बाहीला धरलं होतं. सालं गेलेल्या त्या बोटांनी तिने ती बाही मुठीत आवळली.

"पुन्हा," ती म्हणाली.